डेडस्टॉकमधले बैल

"मास्तर, ह्या तारंच्या पल्याड आमची माती हाय," बाई म्हणाली. "तेवढी घिऊ द्या. मग तुमची ती योजना का काय, बसून ऐकते."

ती कुंपणाच्या बाहेर उभी होती, मी आत. तिच्यामागे दोन गाढवं होती, पाठीवर रिकामी पोती टाकलेली. माझ्या हातात विद्यापीठाचं बोधचिन्ह छापलेली कोरी करकरीत फाईल होती. वैशाखातले सकाळचे दहा वाजले होते. विद्यापीठातर्फे शहराशी संवाद साधायला म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदाच निघालो होतो, आणि फाटकापर्यंत पोचायच्या आतच शहराने मला गाठलं होतं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. दक्षिण महाराष्ट्रातलं एक शहर, शहराच्या उगवतीला माळ, माळावर आमचं विद्यापीठ आणि विद्यापीठाच्या पाठीला पाठ लावून कुंभारगल्ली. दोघांच्या मधे एक तळं. मी भूगोलाचा व्याख्याता, वय एकोणतीस, गाव मालवणच्या अलीकडचं. नव्या कुलगुरूंना वाटलं होतं की विद्यापीठ शहरापासून तुटलंय, ते जोडलं पाहिजे. म्हणून ‘शेजार’ नावाची योजना निघाली आणि दर विभागाला एकेक वस्ती मिळाली. वाणिज्यवाल्यांनी आधीच धावत जाऊन बाजारपेठ धरली. भूगोलाच्या वाट्याला कुंभारगल्ली आली आणि विभागप्रमुखांनी ती अलगद माझ्या टेबलावर सरकवली.

फाईलमधे चाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती. पहिला प्रश्न असा: ‘विद्यापीठ आपल्यासाठी काय करू शकते?’

बाईने प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर दिलं होतं. ते लिहून घ्यायला माझा हात मात्र उचलेना, कारण ते कुंपण माझं होतं.

म्हणजे तारा मी ओढल्या नव्हत्या. पण नोकरीला लागून वर्ष होतं न होतं तोच मी एक अहवाल लिहिला होता, ‘तळ्याच्या काठाची धूप व त्यावरील उपाय’. पाणी उतरलं की कुंभारगल्लीतली माणसं गाढवं घेऊन येतात, तळ उकरून माती नेतात, सबब हा उपसा ताबडतोब थांबवावा, असं त्यात म्हटलं होतं. सोबत रंगीत नकाशा जोडला होता. महिन्याभरात कुंपण उभं राहिलं. त्यानंतर आयुष्यभर मी पुष्कळ अहवाल लिहिले, पण इतक्या झपाट्याने कुणी एकाचीही अंमलबजावणी केली नाही.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"हौसाबाई. गल्लीत हौसाक्का म्हंत्यात."

साठीच्या आसपासची, काटक बाई. बोलताना तिची बोटं उगाचच हवेत काहीतरी वळत असायची.

"हौसाक्का, माती दुसरीकडे नाही का मिळत?"

"मिळती की. वीटभट्टीवरची तांबडी आणली दोन वर्सं. चिराळती ती. बैलाची शिंगं गिऱ्हाइकाच्या घरात पोचस्तवर गळून पडत्यात. बिनशिंगाचा बैल कोण पुजंल?"

"कसला बैल?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी माझी पदवी परत करावी की काय असं मला वाटलं. मग तिने सांगितलं. त्या भागात आषाढात बेंदूर असतो. ज्याच्या गोठ्यात बैल आहेत तो त्यांना पुजतो, आणि गोठा असो नसो, घरोघर मातीच्या बैलांची जोडी पाटावर बसते. ती जोडी बाजारातून आणायची नसते, ठरलेल्या कुंभारणीने ती दारात आणून द्यायची असते. हौसाक्काची अशी तीनशे घरं होती. सासूकडून तिच्याकडे आलेली.

"गेल्या साली पन्नास घरं तुटली," ती म्हणाली. "त्यांनी पेठंतनं प्लास्टरचे बैल आणले. औंदा बी शिंगं गळाली तर उरल्याली बी जातील. घर एकदा तुटलं की परत जोडत न्हाई, मास्तर. मिरगाला अठरा दिवस हायत. मिरूग बरसला की तळं चढतं, माती पाण्याखाली जाती. बैल वळायला, वाळायला महिना लागतो. आता हिशेब तुमीच करा."

"मी विद्यापीठात बोलून बघतो," मी म्हणालो.

"बोला की. तुमच्या हापिसात बी आमचं एक घर हाय."

गल्लीतला कुणीतरी कचेरीत नोकरीला असेल असं मी धरून चाललो. ती गाढवं वळवून निघाली आणि जाता जाता म्हणाली, "आमी माती काढत हुतो म्हणून ते तळं हुतं. बगा जरा आत उतरून."

हे मला लागलं. भूगोल मी शिकवत होतो आणि तळं ती शिकवत होती. दुपारी, विद्यार्थी दिसणार नाहीत अशा बेताने, मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, जुना नकाशा आणि एक बांबू घेतला आणि तळ्यात उतरलो. नकाशावर मी स्वतः खोली नोंदवलेल्या अकरा जागा होत्या. अकराही ठिकाणी बांबू आधीपेक्षा वीतभर वर टेकला. माळावरून दर पावसाळ्यात वाहून येणारा गाळ हीच यांची माती होती. ते दर वैशाखात ती उचलून नेत होते आणि तळ्याचं पोट मोकळं ठेवत होते. मी त्यांना चोर ठरवलं, आणि दोन वर्षांत तळं वीतभर बुजलं. चिखलाने माखलेल्या पायांनी मी बराच वेळ काठावर बसून राहिलो. मला माझी लाज वाटली, हे सरळच सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी कुलसचिवांकडे गेलो. शिंत्रेसाहेब गडहिंग्लजकडचे, शेतकरी घरातून आलेले, पण तीस वर्षं कचेरीत काढल्यामुळे बोलताना परिपत्रकासारखे बोलत.

"कुंपण कोणाच्या अहवालावरून झालं, काळसेकर?"

"माझ्या."

"आणि आता?"

"अहवाल चुकला होता, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "असं लेखी द्याल?"

"देतो."

"प्राध्यापक माणूस असं लेखी देतो हे मी प्रथमच बघतोय. पण तेवढ्यावर भागणार नाही. तळं विद्यापीठाच्या मालकीचं. उद्या मी फाटक केलं तर लेखापरीक्षक विचारणार, ही कोण माणसं? यांचा आपला संबंध काय? तुम्ही मला एक कागद आणा. कुंभारगल्लीचा आणि विद्यापीठाचा काहीतरी जुना संबंध होता, एवढं दाखवणारा. एकच कागद पुरे. आज सही करतो."

मी अभिलेख कक्षात घुसलो. जमिनीची कागदपत्रं, मोजणीचे नकाशे, पायाभरणीचा पत्रव्यवहार, सगळं उपसलं. पाच दिवस गेले. ‘कुंभारगल्ली’ हा शब्द एकदाच सापडला, तोही ‘गाढवांचा उपद्रव’ या विषयावरच्या पत्रात. रोज संध्याकाळी घरी जाताना कुंपणापाशी हौसाक्का दिसायची. ती काही विचारायची नाही. मिरगाला तेरा दिवस उरले, मग बारा. मी मान खाली घालून सायकल हाणायचो.

अभिलेख कक्षाचे शिपाई गुंडूमामा. विद्यापीठाची पहिली वीट बसली तेव्हापासून नोकरीत, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. पाच दिवस ते मला नुसते न्याहाळत होते. सहाव्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे चहाची बशी सरकवली.

"काळसेकर सर, कवाधरनं काय हुडकायलाय?"

"कुंभारगल्लीचा एखादा कागद, मामा."

"कागद न्हाई बा." त्यांनी कमरेला हात घातला. "बैल हायत."

त्यांनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली काढली आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. दाराने बरीच कुरकुर केली.

आत बैल होते. चार फळ्या भरून, जोडीजोडीने, ओळीने उभे. वीतभर उंचीचे, न भाजलेल्या मातीचे, वशिंडं ताठ. काहींची शिंगं गेलेली, काहींची शेपटं. आणि प्रत्येक बैलाच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने, सुबक अक्षरात, क्रमांक आणि साल घातलेलं होतं.

"हे काय आहे?"

"डेडस्टॉक," गुंडूमामा म्हणाले.

हकीकत अशी. त्रेसष्ट साली विद्यापीठ सुरू झालं. त्या बेंदराला कुंभारगल्लीतून एक बाई आली, कचेरीच्या पायरीवर तिने मातीच्या बैलांची जोडी ठेवली, जरा वेळ थांबली आणि निघून गेली. ती हौसाक्काची सासू. हे कशाबद्दल, कुणाला कळेना. तेव्हाचे हेडक्लार्क पुण्याहून आलेले, नेमस्त गृहस्थ. वस्तू कचेरीत आली म्हणजे तिची नोंद झाली पाहिजे, म्हणून त्यांनी ती डेडस्टॉक रजिस्टरला चढवली. खुर्च्या, टेबलं, पंखे यांच्या जोडीला बैल. आणि एकदा डेडस्टॉकला चढलेली वस्तू टाकता येत नाही, फेकता येत नाही, कुणाला देता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जोडी आली. पुन्हा नोंद झाली. तेव्हापासून रिवाजच पडला.

"मामा, तुम्ही इथलेच ना? हे कशाचे बैल ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठावं हुतं की. पर मला कोण इचारलं?"

त्यांनी रजिस्टर काढून दिलं. मी पानं उलटत गेलो. दर आषाढात एक ओळ. ‘मातीचे बैल, जोडी एक. कोणाकडून: कुंभारगल्ली. किंमत: निरंक.’ शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो सगळीकडे कोरा. अठ्ठावीस वर्षांत एकदाही खंड नव्हता.

मग माझी नजर खालच्या फळीच्या टोकाला गेली. सगळे बैल काळपट राखी होते, तळ्याच्या मातीचे. हाताळताना कुणाचं शिंग, कुणाचं शेपूट मोडलं असेल, पण इतक्या वर्षांत अंगाला साधी चीरही गेली नव्हती. शेवटच्या दोन जोड्या तांबड्या होत्या. अंगभर भेगा, शिंगं गळून पायाशी पडलेली. मी पुठ्ठ्यावरची सालं वाचली. एकोणनव्वद आणि नव्वद.

कुंपण घातल्यानंतरची ती दोन वर्षं होती. आम्ही तिची माती बंद केली होती, आणि ती भट्टीवरून मिळेल ती माती आणून आमच्यासाठी बैल वळत होती, ते शिंगं सांभाळत वेशीला वळसा घालून पुढच्या फाटकाने आणत होती आणि आमच्या पायरीवर ठेवून जात होती. तुमच्या हापिसात बी आमचं एक घर हाय, असं ती म्हणाली होती ते हेच. 

रजिस्टर बगलेत मारून, एका हातात अठ्ठ्याऐंशीचा बैल आणि दुसऱ्या हातात नव्वदचा, असा मी कुलसचिवांच्या दालनात शिरलो. ते फोनवर होते. बैल बघून त्यांनी फोन ठेवला.

मी काही फार बोललो नाही. रजिस्टर उघडून दिलं, बैल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. शिंत्रेसाहेब एकेक ओळ बोट लावून वाचत राहिले. मग त्यांनी तांबडा बैल उचलला. त्याचं उरलेलं एक शिंग त्यांच्या तळव्यात निखळून पडलं.

"आमच्याकडे पारूबाई यायची जोडी घेऊन," ते म्हणाले. आवाज परिपत्रकाचा नव्हता. "आई आधी तिला पाण्याचा तांब्या द्यायची. मग सूप भरून जोंधळे. पोळी बांधून द्यायची. कुंभारणीला रिकामी धाडायची नसते." त्यांनी ते शिंग टेबलावर ठेवलं. "आपण काय दिलं, काळसेकर? अठ्ठावीस वर्षं?"

"नंबर दिला, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी फाटकाच्या आदेशावर तिथल्या तिथे सही केली. कारणाच्या जागी लिहिलं: ‘सदर वस्ती ही विद्यापीठाची स्थापनेपासूनची शेजारी असल्याचे विद्यापीठाच्याच अभिलेखावरून दिसते.’ मिरगाला अकरा दिवस होते.

मी धावतच कुंभारगल्लीत गेलो. हौसाक्का अंगणात रांजणाला थापटीने ठोकत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. कुंपण उघडतंय, उद्यापासून माती न्या, आणि तुमचे बैलसुद्धा आम्ही एकूणएक जपून ठेवलेत, हेही मोठ्या अभिमानाने सांगितलं.

थापटी थांबली.

"जपून ठेवलासा? म्हंजे पाण्यात सोडलं न्हाईसा?"

"नाही. एकही टाकला नाही."

"अवो मास्तर, पुजलं, निवद दाखवला, की दुसऱ्या दिशी त्यास्नी तळ्यात सोडायचं असतंय. माती माघारी जायला पायजे न्हवं. अठ्ठावीस वर्सं बैल दावणीलाच बांधून ठेवलासा व्हय?" तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. "आदी त्यास्नी सोडा. मग मी खोरं लावते."

आणि इथे सगळं पुन्हा अडलं. डेडस्टॉकची वस्तू तळ्यात सोडायची म्हणजे आधी निर्लेखन समिती बसायला हवी होती. शिंत्रेसाहेबांनी ती चार दिवसांत बसवली, ज्या समितीला मोडकी खुर्ची काढायला दोन वर्षं लागत. तिचं इतिवृत्त मी वाचलंय. ‘एकूण बैल छप्पन्न. शिंगे नसलेले एकोणीस. शेपूट नसलेले सात. सर्व बैल कामाच्या उपयोगाचे नसल्याची समितीची खात्री झाली आहे.’ खाली तीन सभासदांच्या सह्या होत्या, त्यातले एक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक.

मिरगाच्या आठवडाभर आधी, सकाळी, आम्ही बैल घेऊन तळ्यावर गेलो. गुंडूमामांनी कॅन्टीनचे ट्रे मागून आणले होते. तारा कापून तिथे नवं फाटक बसवलं होतं. त्याच्या पलीकडे सगळी गल्ली पाट्या, खोरी आणि गाढवांसह उभी होती. हौसाक्का एकेक जोडी हातात घ्यायची, पुठ्ठ्यावरचा नंबर अंगठ्याने पुसायची आणि पाण्यात ठेवायची. जुन्या जोड्या हातात आल्या की म्हणायची, "हे सासूचं काम. वशिंड बगा कसं काढलंय." बैल पाण्यात घडीभर उभे राहायचे, मग गुडघ्यात वाकल्यासारखे बसायचे आणि विरघळून जायचे.

शेवटच्या दोन तांबड्या जोड्या उरल्या तेव्हा मला राहवेना.

"हौसाक्का, एक सांगायचं होतं. हे कुंपण माझ्यामुळे झालं. अहवाल मी लिहिला होता."

तिने पाण्यातून वर पाहिलं नाही. "ठावं हाय की."

"कधीपासून?"

"तारा वडत हुतं तवाच. तुमी टोपी घालून, वही घिऊन हितंच उभं हुतासा. गल्लीत समद्यांस्नी ठावं हाय."

"मग त्या दिवशी मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" तिने तांबडा बैल पाण्यात सोडला. "नवीन शेजारी, लांबनं आल्याला, हितली रीत ठावी न्हाई. वाटलं, कळंल त्यास्नी. न कळून सांगतंय कुणाला? जोडी तर मी दरसाल आणून ठेवत हुतेच."

मी तळ्याकडे तोंड फिरवलं. गुंडूमामा समजूतदार माणूस, त्यांनी ट्रे मोजायला घेतले.

त्या वर्षी बेंदराला हौसाक्का कचेरीच्या पायरीवर आली तेव्हा शिंत्रेसाहेब स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांच्या पत्नीने घरून सूप पाठवलं होतं, जोंधळ्यांनी शिगोशीग भरलेलं, वर पुरणपोळ्या. काळ्या मातीचे बैल होते, शिंगं टोकदार. हौसाक्काने पदरात जोंधळे घेतले, आणि पाटीतून दुसरी एक जोडी काढून माझ्यापुढे धरली.

"ही कुणाची?"

"तुमची. तीनशे घरं हुती, त्यातली पन्नास गेली. एक तर नवीन जोडू."

माझं घर म्हणजे एक भाड्याची खोली, एक स्टोव्ह आणि एक ताट. सूप नव्हतं, जोंधळे नव्हते. मी तिला पायरीवर बसवलं, सायकल काढली, पेठेतून दोन्ही आणलं आणि ते तिच्या पदरात घातलं.  कचेरीच्या आणि माझ्या, दोन्ही जोड्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्या तळ्यात सोडून आलो.

साहेबांनी सांगितलं होतं की यापुढे या बैलांची नोंद करायची नाही. पण गुंडूमामांना ते पटलं नव्हतं. कचेरीत आलं म्हणजे लिहायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी तळ्यावरून परतलो तेव्हा रजिस्टर उघडं होतं. मामांनी नेहमीसारखीच ओळ घातली होती, मातीचे बैल, जोडी एक. फक्त अठ्ठावीस वर्षं कोरा राहिलेला शेऱ्याचा रकाना त्यांनी त्या दिवशी भरला होता. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आले. जेवले. आपल्या घरी गेले.’

पुढच्याच वर्षी मामा निवृत्त झाले, काही वर्षांनी हौसाक्का गेली. जोडी आता तिची सून आणते. मी निवृत्त झालो त्या दिवशी अभिलेख कक्षात जाऊन ते रजिस्टर मागून घेतलं. अक्षरं बदलत गेली होती, शाई बदलली होती. शेरा कुणी बदलला नव्हता.